'दंव पडलेलें प्रेत' : यवद्वीपांतील ग्रामलेखांविषयीं एक परीक्षण

डॉ. हिमांशुभूषण सरकार यांनीं यवद्वीपांतील इ. स. ९२८ पर्यंतच्या कोरीव लेखांचा संग्रह दोन खंडांत कलकत्त्याहून १९७१ व १९७२ सालीं प्रसिद्ध केला. मूळ संहिता, इंग्रजी भाषांतर व टीपा असें त्याचें स्वरूप आहे. ब्रांडेस यांनीं वाचलेले व क्रोम यांनीं १९१३ सालीं छापून काढलेले प्राचीन जावी लेख डच न जाणणाऱ्या आम्हांसारख्यांस या संग्रहामुळें सुलभ झाले, हे उपकार प्रथमच नमूद करणें अवश्य आहे. परंतु आपल्याकडील अभ्यासक हा संग्रह ज्या रीतीनें वाचतात, ती रीति आम्हांस सदोष वाटते. आणि प्रस्तुत परीक्षण ग्रंथापेक्षां त्या रीतीचेंच अधिक आहे.

रीति अशी कीं, लेखाचा आरंभ वाचावा. तेथें शकवर्ष, मास, तिथि, वार, नक्षत्र, योग सर्व आपल्याच पंचांगांतील आढळतात. पुढें राजाचें संस्कृत नांव येतें. एवढें झालें कीं वाचक संतुष्ट होतो, आणि लेखाचा जो खरा विषय, तो जावी भाषेंत असल्यामुळें सोडून देतो. या खोडीचें मूळ जुनें आहे. डॉ. रमेशचंद्र मजुमदार यांनीं सुवर्णद्वीपावरील आपला ग्रंथ (१९३७-३८) ज्या मालेंत घातला, तिच्या नांवांतच पूर्वेकडील 'प्राचीन हिंदी वसाहती' असे शब्द आहेत. वसाहत म्हटली कीं तेथील मूळ रहिवाशानें काय केलें, हा प्रश्न मागें पडतो. मजुमदारांची विद्वत्ता निर्विवाद आहे. पण ग्रंथमालेच्या नांवानें वाचकाच्या मनाला जें वळण लाविलें, तें अद्यापि गेलेलें नाहीं.

आतां प्रत्यक्ष लेख घेऊं. पूर्व जावांतील शके ८१३ (इ. स. ८९१) चा बलिङ्गवान् येथील लेख लहान आहे, परंतु त्यांतील कारणनिवेदन आमच्या मतें सबंध संग्रहांत अत्यंत मोलाचें आहे. गुरुभक्ति नांवाच्या ठिकाणीं एक माळ होता. तेथें वारंवार माणसें मारलीं जात, आणि त्याबद्दलचा दंड बलिङ्गवान् गांवच्या वडीलधाऱ्यांस भरावा लागे. दंडाचीं नांवें दोन आहेत : 'राह कसवुर्' म्हणजे सांडलेलें रक्त, आणि 'वङ्के कबुनन्' म्हणजे दंव पडलेलें प्रेत. दंड भरतां भरतां गांव दरिद्री झाला. म्हणून रक्र्यान् कनुरुहान् या अधिकाऱ्यानें तो माळ 'सीमा' करून दिला.

'दंव पडलेलें' हें विशेषण काव्यासाठीं आलेलें नाहीं. रात्रभर उघड्यावर पडून राहिलेलें, मारणारा कोण तें ठाऊक नसलेलें व कोणी उचलून न नेलेलें प्रेत, असा त्याचा व्यवहारांतील अर्थ असावा असा आमचा तर्क आहे. दंव हाच पुरावा. प्रेत ज्याच्या शिवारांत पहांटे सांपडेल तो गांव दंड भरणार. असा नियम असतां शेजारच्या गांवाच्या हद्दींत प्रेत ओढून टाकण्याचा मोह किती होत असेल, आणि रात्रीं शिवारांत जाग ठेवणें हें पुण्यकर्म नसून खर्च वांचविण्याचा उपाय कसा होतें, हें निराळें सांगावयास नको.

संस्कृतज्ञ वाचक येथें तत्काळ याज्ञवल्क्यस्मृतीकडे बोट दाखवील, आणि तें योग्यच आहे. गांवांत वध वा चोरी झाली आणि चोराचा माग बाहेर गेलेला नसला, तर दोष ग्रामाधिपतीचा. आपल्या हद्दींत झालेल्या चोरीची भरपाई गांवानें करावी, अथवा माग जेथें जाईल त्यानें करावी. कोसापलीकडे झाल्यास पांच किंवा दहा गांवांनीं मिळून करावी, असें व्यवहाराध्यायांत सांगितलें आहे. दक्षिणेंत हा प्रकार पोथींतच राहिला नव्हता. रामोशी व भिल्ल जागले माग काढीत शेजारच्या शिवेपर्यंत नेत आणि तेथें तो त्या गांवाच्या हवालीं करीत, हें एल्फिन्स्टननें १८१९ सालच्या आपल्या अहवालांत नमूद केलें आहे. परंतु सादृश्य म्हणजे उगम नव्हे. याज्ञवल्क्यवचनांतील भरपाई ज्याचा माल गेला त्याला मिळावयाची. बलिङ्गवान् येथील रक्कम मृताच्या आप्तांस मिळाल्याचा उल्लेख नाहीं, ती वरच्या अधिकारास भरावयाची आहे. एक भरपाई, दुसरा कर. दोहोंस एकच नांव देणें म्हणजे पाटीलकी व फौजदारी एक समजणें होय.

या दंडांची एक लांबलचक यादी पुष्कळ सीमालेखांत येते. तिला 'सुखदुःख' म्हणतात. आम्ही हा शब्द प्रथम वाचला तेव्हां त्याचा अर्थ 'गांवाचें बरें-वाईट' असा केला होता, व तसा तो एका मित्रास पत्रानें कळविलाही होता. तो अर्थ चुकीचा नसला तरी पोकळ होता. यादींत काय आहे तें पाहावें : फळ न धरणारा सुपारीचा मोहोर, अंगणांत पसरलेला भोपळ्याचा वेल, मृत्यु, दंव पडलेलें प्रेत, वाटेवर सांडलेलें रक्त, वाक्चपल, दुसऱ्यावर उडालेली थुंकी, हस्तचपल, पिसाट होऊन केलेला हल्ला, विषप्रयोग, आणि दण्ड-कुदण्ड. अंगणांतला भोपळा आणि खून एका ओळींत! मोहोर व भोपळा यांचा आशय सांगतांना पंडितांत मतभेद आहेत. तथापि या दोन बाबी आमच्या कोणत्याही स्मृतींत नाहींत, हें निश्चित.

आतां यादींतील संस्कृत शब्दांचें काय? येथें आम्हांस एक गोष्ट सुचते, तिचा तज्ज्ञांनीं विचार करावा. शिवीगाळ व मारहाण यांस आमच्या स्मृतींतील व्यवहारपदें 'वाक्पारुष्य' आणि 'दण्डपारुष्य' अशीं आहेत. जावी यादींत तीं नाहींत. तेथें 'वाक्चपल' व 'हस्तचपल' आहेत. 'वाक्चपल' व 'पाणिपादचपल' हे शब्द मनुस्मृतींत येतात खरे, पण ते चौथ्या अध्यायांत, स्नातकाच्या आचारधर्मांत. आठव्या अध्यायांतील व्यवहारांत नव्हे. म्हणजे ज्यानें ही यादी घडविली त्यानें न्यायसभेची परिभाषा उचलली नाहीं. सदाचाराच्या उपदेशांतून कानांवर पडलेला शब्द घेऊन आपल्या गांवच्या जुन्याच गुन्ह्यास तो चिकटविला असें दिसतें. योंकर यांनीं १८८५ सालीं प्राचीन जावी धर्मग्रंथाची हिंदी आधारांशीं ताडणी करून दाखविली, तो ग्रंथ उत्तरकालीन आहे. त्यावरून नवव्या-दहाव्या शतकांतील खेड्याविषयीं अनुमान करणें धोक्याचें.

'सीमा' शब्दाचेंही तसेंच. आम्हांस ती शीव. जावी लेखांत ती शीव घालून वेगळी काढलेली, राजाच्या कर वसूल करणाऱ्यांस प्रवेश बंद असलेली जमीन. एकदां जमीन सीमा झाली कीं वरील सुखदुःखाचे दंडही पूर्वीच्या मार्गानें जात नाहींत. म्हणून सीमालेखास शिलाहारांच्या ताम्रपटासारखें दानपत्र समजून चालणार नाहीं. दान आहेच, पण बलिङ्गवान् येथें तें गळ्याचा फांस सोडविण्यासाठीं आहे.

मन्त्यासिह् येथील शके ८२९ (इ. स. ९०७) चा बलितुङ् राजाचा ताम्रपट यापेक्षां पुष्कळ प्रसिद्ध. प्रसिद्धीचें कारण त्यांतील सञ्जयापासूनची राजावली. स्टुटरहाइम यांनीं १९२७ सालीं तो प्रसिद्ध केल्यापासून राजावलीवर शाईचे घडे रिते झाले. पण पट दिला कोणास, व कां? मन्त्यासिह् येथील पांच पतिह् यांस. राजाच्या विवाहसमयीं केलेली सेवा व देवतांची पूजा यांबरोबर तिसरें कारण असें दिलें आहे कीं, कुनिङ् गांवचे लोक भयभीत झाले होते आणि या पांचांनीं तेथील वाट राखली. नऊ राजांचीं नांवें मिळालीं म्हणून वाट राखणारे पांच जण टीपेंत घालावयाचे, हा न्याय आम्हांस पटत नाहीं. राजावली हा त्या पटाचा अलंकार होय, प्रयोजन नव्हे.

शके ८३१ चा कलदि येथील पट याच जातीचा. तेथें भय रानाचें आहे. मरिवुङ्‌च्या लोकांचे हल्ले होऊन व्यापारी व कोळी रात्रंदिवस धास्तावलेले असत, म्हणून रान तोडून भातखाचरें करावयाचीं ठरलें. पोलीस नेमण्यापेक्षां झाडी काढणें सोपें, हें ज्यांनीं ठरविलें ते आपला मुलूख ओळखून होते.

हीं भयें शरीराचीं व मालाचीं. परंतु खेड्यांतील मनुष्यास आणखी एक भय असतें, कीं आपण 'आपले' राहूं कीं नाहीं. इ. स. ९२२ मधील वुरुदु किदुल् येथील जयपत्र पाहावें. धनदि नांवाच्या गृहस्थावर तो परकीय वंशाचा, म्हणून निराळ्या करास पात्र, असा आरोप आला. निरनिराळ्या गांवच्या नातलगांनीं येऊन तो अस्सल एतद्देशीय असल्याचें सांगितलें व तो सुटला; पुढें पुन्हां ख्मेर वंशाचा म्हणून त्याच्यावर बालंट आलें, तेव्हां वादीच हजर राहिला नाहीं. जयपत्र आपल्या हातीं कां हवें, हें त्या मनुष्यास कोणी शिकवावें लागलें नसेल. गोतमहजर वाचणाऱ्या आमच्या वाचकांस ही सबंध हकीकत घरची वाटेल. मात्र तेवढ्यावरून नातें जोडूं नये. आजही जावी खेड्यांत रात्रीं पाळीपाळीनें गस्त घालतात व लांकडी केन्तोङन् बडवितात. त्या गस्तीस 'रोन्दा' म्हणतात, आणि आमच्या 'रोंदा'शीं तो शब्द किती जुळतो! पण जावी शब्द पोर्तुगीजांकडून आलेला आहे. बलितुङ् राजाच्या पांच पतिहांशीं त्याचा संबंध नाहीं.

सीमालेखांच्या अंतीं शपथविधि येतो. मकुदुर् नांवाचा विधिकर्ता दगडावर कोंबडीची मान तोडतो, अंडें फोडतो, आणि सीमा मोडणाऱ्यास वाघ, सर्प, मगर यांच्या हवालीं करतो. आमच्या गधेगाळी शिव्या यापुढें सौम्य वाटाव्यात. पण शेजारच्या गांवांचे वडील बोलावून, त्यांस वस्त्रें व सोनें देऊन, त्यांच्या देखत हें करावयाचें, यांतील हेतु उघड आहे : उद्यां प्रेत कोणाच्या हद्दींत पडलें हा वाद निघाला, तर साक्ष देणारे हेच.

सरकारांच्या संग्रहावरून मराठींत निवडक लेखांचें भाषांतर होणें इष्ट आहे. तें करणाऱ्यानें झोटमुल्डर यांचा १९८२ चा प्राचीन जावी कोश जवळ ठेवावा, आणि प्रत्येक संस्कृत शब्दापुढें संस्कृत अर्थ व जावी अर्थ असे दोन स्तंभ करावे. ज्या सभासदांच्या दप्तरांत शिवेवर सांपडलेलें बेवारस प्रेत, मागाची हवाली अथवा गांवावर बसविलेली चोरीची भरपाई यांसंबंधीं कागद असतील, त्यांनीं त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या. दंड कोणाच्या हातीं गेला, हें ज्या कागदांत लिहिलें असेल, ते प्रथम हवे आहेत.