डांबराच्या धड्यात काय राहून जाते

एका शाळेच्या विज्ञान मेळाव्यात सातवीतल्या एका मुलीने आम्हाला विचारले, "डांबर काळे असते, मग डांबरगोळ्या पांढऱ्या कशा?" शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकांनी "कारखान्यात रंग काढून टाकतात" असे सांगून वेळ मारून नेली. उत्तर चुकीचे होते, पण दोष एकट्या त्या शिक्षकांचा म्हणता येणार नाही. घरी आल्यावर आम्ही हाताशी होती ती पाठ्यपुस्तके आणि मुलांसाठीची माहितीपर पुस्तके चाळली. डांबराविषयी चार-सहा ओळी बहुतेकांत होत्या. मुलीच्या प्रश्नाचे सरळ उत्तर मात्र हाती लागले नाही. असे का होते, आणि त्यामुळे काय बिघडते, हे येथे तपासायचे आहे.

पहिली अडचण शब्दाची आहे. मराठीत 'डांबर' हा एकच शब्द आपण दोन निराळ्या पदार्थांना वापरतो. दगडी कोळसा हवेशिवाय खूप तापवला की कोक तयार होतो आणि बाहेर पडणाऱ्या वाफा थंड केल्यावर एक काळा, उग्र वासाचा दाट द्रव मिळतो. हे कोळशाचे डांबर, म्हणजे कोलटार. दुसरा पदार्थ खनिज तेलातून येतो. शुद्धीकरण कारखान्यात तेलाचे ऊर्ध्वपातन करून पेट्रोल, केरोसीन, डिझेल वेगळे काढल्यावर आणि उरलेल्यावर पुन्हा निर्वात ऊर्ध्वपातन केल्यावर तळाशी जे राहते, ते बिट्युमेन. एक पदार्थ वाफेतून थंड होऊन मिळतो, तर दुसरा स्वतः वाफ न होता मागे उरतो. आज आपल्या रस्त्यांवर पडते ते बिट्युमेन. डांबरगोळीचे नाव मात्र कोलटारवरून आले आहे.

आता मुलीचा प्रश्न सुटतो. कोलटार हे शेकडो संयुगांचे मिश्रण आहे. त्यातले नॅप्थॅलीन हे एक संयुग. त्याच्या रेणूत कार्बनची दोनच वलये असतात आणि ते दृश्य प्रकाश शोषत नाही, म्हणून शुद्ध नॅप्थॅलीनचे स्फटिक पांढरे दिसतात. अनेक वलये एकमेकांना जोडलेले मोठे रेणू दृश्य प्रकाश शोषतात. मिश्रणाला काळा रंग येतो तो त्यांच्यामुळे. तेव्हा येथे कोणी रंग काढलेला नाही. मिश्रणातून एक घटक वेगळा केला आहे. मिश्रण आणि संयुग यांतला फरक शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. (आता बाजारातल्या बऱ्याच गोळ्या पॅराडायक्लोरोबेंझीन या दुसऱ्याच रसायनाच्या असतात. नाव तेवढे जुने राहिले आहे.)

एनसीईआरटीच्या आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'कोळसा आणि पेट्रोलियम' हा धडा अनेक वर्षे होता. त्याला न्याय द्यायचा तर सांगितले पाहिजे की, रस्त्यांसाठी आता कोलटारऐवजी बिट्युमेन वापरतात, हे त्यात स्पष्ट लिहिले होते. नॅप्थॅलीनच्या गोळ्या कोलटारपासून मिळतात हेही होते. आमची तक्रार पुढची आहे. बदल झाला हे पुस्तक सांगते, तो का झाला हे सांगत नाही. कोलटारच्या नावापुढे रंग, औषधे, स्फोटके, सुगंधी द्रव्ये अशी यादी येते. बिट्युमेनपुढे तक्त्यात 'रंगलेप आणि रस्ते' एवढेच. यादी पाठ होते, परीक्षेत गुण मिळतात आणि विषय तेथेच संपतो.

खरे तर या 'का'मध्ये माणसांच्या आरोग्याचा प्रश्न आहे. लंडनमधील शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्यांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. १९१५ साली यामागिवा आणि इचिकावा या जपानी संशोधकांनी सशांच्या कानांवर महिनोन् महिने कोलटार चोळून तेथे कर्करोगाच्या गाठी निर्माण होतात हे दाखवले. पुढे १९३० नंतरच्या दशकात कोलटारच्या गाळातून बेंझोपायरीन हे पाच वलयांचे कर्करोगकारक संयुग वेगळे करण्यात आले. अशी संयुगे बिट्युमेनमध्येही असतात, पण कोलटारच्या तुलनेत फारच थोडी. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था कोलटारच्या गाळाला निश्चित कर्करोगकारक मानते. रस्तेकामात बिट्युमेनच्या धुराशी येणारा संपर्क तिने २०१३ च्या अहवालात 'कदाचित कर्करोगकारक' या खालच्या गटात ठेवला आहे. खालचा गट म्हणजे निर्धोक नव्हे. तापलेल्या पिंपाशेजारी तोंडाला फडके बांधून उभ्या असलेल्या मजुराचा त्या धड्याशी काय संबंध आहे, हे विद्यार्थ्याला कळायला हवे. दोन पदार्थांना एकच नाव दिले की हा फरक पुसला जातो. मग कोणी सगळ्यालाच विष म्हणतो, कोणी सगळ्यालाच निरुपद्रवी.

दुसरी उणीव गुणधर्म आणि उपयोग यांच्या तुटलेल्या दुव्याची. 'डांबरी रस्ता' म्हणताना आपल्याला वाटते की रस्ता डांबराचा आहे. वस्तुतः मिश्रणात वजनाने सुमारे ५ टक्केच बिट्युमेन असते. बाकी सारी खडी, वाळू आणि दगडाची भुकटी. बिट्युमेनचे काम खडी धरून ठेवण्याचे आणि पाणी अडवण्याचे. ते तापले की पातळ होते, गारठले की ठिसूळ होते. म्हणून ते उन्हाळ्यात वाहू नये आणि थंडीत तडकू नये, अशी दुहेरी अपेक्षा असते. पूर्वी त्याची प्रत २५ अंश सेल्सियसला त्यात एक सुई किती खोल रुतते यावरून ठरत असे. पण उन्हाळ्यात रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास जातो आणि तेथे बिट्युमेन कसे वागेल हे ती सुई सांगत नाही. म्हणून भारतीय मानकात २००६ साली बदल झाला आणि ६० अंशांना मोजलेल्या श्यानतेवरून प्रती ठरू लागल्या. मोजमाप कोणत्या परिस्थितीत घ्यावे, हा विज्ञानातला मोठा धडा या छोट्या बदलात आहे.

खड्ड्यांचेही तसेच. दगडाच्या पृष्ठभागाला तेलकट बिट्युमेनपेक्षा पाणी अधिक जवळचे वाटते. बारीक भेगांतून पाणी शिरले की ते बिट्युमेनला दगडापासून सोडवते आणि वाहनांच्या चाकांखाली खडी सुटू लागते. आपल्याकडचा काळा बेसॉल्ट या बाबतीत क्वार्ट्‌झयुक्त दगडांपेक्षा बरा. पण खडी ओली किंवा धुळीने माखलेली असेल तर दगड कितीही चांगला असून उपयोग नाही. दर पावसाळ्यात ज्या प्रश्नावर सारे गाव बोलते, त्याचे निदान एक कारण आठवीच्या मुलाला समजण्याजोगे आहे.

तिसरी उणीव नैसर्गिक साठ्यांच्या वर्णनात दिसते. त्रिनिदाद बेटावरचे सुमारे ४० हेक्टरांचे डांबराचे तळे आणि १५९५ साली वॉल्टर रॅले यांनी त्यातून जहाजांच्या फटी बुजवल्या, ही हकीकत पुस्तकांत नवल म्हणून येते. हे तळे झाले कसे, हे क्वचितच येते. तेल भूपृष्ठाजवळ आले की हलके घटक उडून जातात, काही जिवाणू खातात आणि जड भाग मागे राहतो. कॅनडातील अथाबास्काच्या वाळूत मुरलेले बिट्युमेन असेच झाले आहे. कारखाना जे काही तासांत करतो, तसेच काम निसर्ग त्याच्या संथ गतीने करतो. जर्मन रसायनज्ञ आल्फ्रेड ट्रायब्स यांना १९३० नंतरच्या दशकात खनिज तेलात आणि बिट्युमेनमध्ये हरितद्रव्याशी नाते सांगणारी पॉर्फिरिन संयुगे सापडली. तेल जीवजन्य आहे याचा तो भक्कम पुरावा ठरला. हा पुरावा सोडून नुसते तळ्याचे क्षेत्रफळ सांगणे म्हणजे ताटातली भाजी सोडून कोथिंबीर वाढण्यासारखे आहे.

प्राचीनतेच्या गोष्टींबाबतही सावध राहावे. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहात पाणी झिरपू नये म्हणून बिट्युमेनचा थर दिलेला आढळला, हे ठीक. पण काही कोशांत 'शिलाजतु' या शब्दापुढेही बिट्युमेन असा अर्थ दिसतो आणि तेथून तो लेखांत उतरतो. शिलाजित बव्हंशी पाण्यात विरघळते. बिट्युमेन विरघळत नाही. पेलाभर पाण्याने जो प्रश्न सुटतो, तो केवळ कोशाच्या भरवशावर सोडू नये.

शिक्षकांना आमची सूचना साधी आहे. रस्त्याच्या कामावरून बिट्युमेनचा लहानसा थंड गोळा आणावा. वर्गात तो तापवू नये. शीतकपाटात गारठवून कापडात गुंडाळावा आणि हातोडीने ठोकावा; तो काचेसारखा फुटेल. तसाच एक तुकडा बशीत ठेवून काही दिवस पाहावा; तो हळूहळू पसरेल. मग हा घन की द्रव, यावर वर्गात वाद होऊ द्यावा. उघड्यावर, आसपास कोठेही ज्योत नाही हे पाहून, थोडे बिट्युमेन केरोसीनमध्ये विरघळवावे आणि एका कोरड्या व एका ओल्या खडीवर लावून पाहावे. कोणती खडी ते धरते, हे पाहायला दुर्बीण लागत नाही.

त्या मुलीला आम्ही नंतर शिक्षकांच्या पत्त्यावर उत्तर लिहून पाठवले. तिने उलट टपाली विचारले, "मग रस्त्याच्या डांबरातून पांढऱ्या गोळ्या निघतील का?" धडा कोठून सुरू व्हायला हवा होता, ते तिने आम्हाला दाखवले.