राणीबागेतील ग्रीक खांब

भायखळ्याच्या राणीबागेवर लिहिणारे अभ्यासक तिच्या ग्रीक धाटणीच्या शिल्पसौंदर्याचे कौतुक करतात आणि बहुधा तेथेच थांबतात. सौंदर्य जणू कोणाच्याच बाजूचे नसते, असे त्यामागचे गृहीत आहे. दलित समीक्षेने हे गृहीत तपासलेच पाहिजे.

हे वनस्पती उद्यान १८६२ साली मुंबईच्या गव्हर्नरच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते खुले झाले. त्यांच्या नावाचा, ग्रीक मंदिराच्या घाटाचा मंडप तेथे आहे. झाडांच्या बागेत अथेन्सचे खांब कशासाठी? आपण ग्रीक संस्कृतीचे वारस, म्हणून राज्य करण्यास पात्र, हे इंग्रज सत्तेला दगडातून वदवायचे होते. अथेन्सच्या लोकशाहीत गुलामांना आणि स्त्रियांना मत नव्हते, हे मात्र खांब सांगत नाहीत.

याच आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला. उचलताना तो फुटला. पुढे १९१४ साली तुकडे जोडून तो येथे उभा केला गेला. लेडी फ्रिअर यांचे नाव टिकले. हत्ती घडवणाऱ्या पाथरवटाचे टिकले नाही. शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जातीजमातींच्या मातीच्या प्रतिमा काचेआड मांडल्या आहेत. गव्हर्नरच्या पत्नीला मंडप, कारागिराला विस्मृती आणि कष्टकऱ्याला निनावी नमुन्याची जागा, अशी ही वाटणी आहे.

१९६५ साली सातव्या एडवर्डचा ‘काळा घोडा’ फोर्टातून हलवून राणीबागेत आणला गेला. सम्राटाच्या पुतळ्याला सावलीतली निवृत्ती मिळाली. त्याच मुंबईत, ११ जुलै १९९७ रोजी, घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधाला जमलेल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि दहा माणसे मेली. त्या वस्तीला पुतळा म्हणजे शोभेची वस्तू नव्हती. माणूसपणाचा दावा होता. ज्या सौंदर्यशास्त्राला हा फरक दिसत नाही, ते आमच्या कामाचे नाही.

मग ही बाग नाकारायची काय? मुळीच नाही. चाळीच्या एका खोलीत दाटीने राहणाऱ्या गिरणी कामगाराला बायकामुलांसह झाडाखाली बसता येईल अशा जागा या शहरात किती होत्या? आफ्रिकेची गोरखचिंच, ब्रह्मदेशाची उर्वशी, दक्षिण अमेरिकेचा कैलासपती ही झाडे येथे जगली ती माळ्यांच्या हातांनी. बागेचे खरे वैभव हेच आहे, आणि ते आपले आहे.

आता बागेला वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव आहे. दारावरचे नाव बदलले, हे योग्यच झाले. आतली दृष्टी बदलली काय? सोलापूरहून ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही बागही पाहावी. झाडांची नावे शिकावीत, खांबांचा इतिहास वाचावा. आणि महानगरपालिकेला विचारावे: प्रत्येक झाडाला शास्त्रीय नाव आहे, मग ते जगवणाऱ्या माळ्यांच्या नावांची एक पाटी येथे का नसावी?