अर्पणपत्रिका आणि निर्धार

अमेरिकेतील गुलामगिरी नेमकी केव्हा संपली? १ जानेवारी १८६३ रोजी लिंकनने मुक्तीचा जाहीरनामा काढला. परंतु तो बंडखोर प्रदेशापुरताच होता. टेक्ससमधील गुलामांना ती वार्ता कळली १९ जून १८६५ रोजी, आणि घटनेच्या तेराव्या दुरुस्तीस राज्यांची पुरेशी मान्यता मिळाली ६ डिसेंबर १८६५ रोजी. ती कोणी संपविली, हा वाद तर त्याहून मोठा.

मराठीत हा विषय जोतीराव फुले यांनी आणला. १८७३ साली प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी कृष्णवर्णीय गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला. अवघ्या आठ वर्षांच्या आत त्या दूरच्या घटनेचे नाते येथील शूद्रातिशूद्रांशी जोडणे, ही या ग्रंथाची थोरवी होय. तथापि एक उणीव आम्हांस जाणवते. त्या अर्पणपत्रिकेत मुक्ती देणारे दिसतात, मुक्त होणारे दिसत नाहीत. वस्तुतः असंख्य गुलाम मळे सोडून उत्तरेच्या सैन्याकडे गेले आणि सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय त्या सैन्यात लढले. ड्यू बॉइस यांनी १९३५ साली हे ठासून मांडले.

ही उणीव गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकात भरून निघते. आंबिवलीच्या पुढचेच स्थानक टिटवाळा. जानेवारी १९४५ मध्ये तेथे भरलेल्या किसान सभेच्या अधिवेशनास मूठभर वारली आले. मे महिन्यात झरी येथे हजारोंनी वेठ न करण्याचा निर्धार केला. लग्नाच्या कर्जापायी सावकाराघरी राबणारे ‘लग्नगडी’ सुटू लागले. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आला १९७६ साली, म्हणजे तीन दशकांनंतर. लेखिका स्वतः चळवळीच्या अग्रभागी होत्या. तरीही शीर्षकातला माणूस स्वतःच जागा होतो, त्यास कोणी जागे करीत नाही. पुस्तकाचे सामर्थ्य आम्हांस याच दृष्टीत दिसते.

कल्याण परिसरातील वीटभट्ट्यांवर उचल फेडण्यासाठी कातकरी कुटुंबे राबत आली आहेत, आणि आपल्या घरांच्या भिंती त्याच विटांच्या आहेत. त्यांना यांतील कोणती तारीख सांगावी? हा प्रश्न मनात ठेवून वाचकांनी ही दोन्ही पुस्तके एकापाठोपाठ वाचावीत, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.