हेख्ट यांची प्रकाशरासायनिक उपपत्ती : एक परीक्षण

डोळा अंधारास सरावतो म्हणजे नेमके काय घडते, या प्रश्नास कोलंबिया विद्यापीठातील सेलिग हेख्ट यांनी दिलेले उत्तर दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. त्यांच्या मते दृष्टिपटलातील प्रकाशसंवेदी कोशिकांची संवेदनक्षमता त्यांतील रंगद्रव्याच्या साठ्यावर अवलंबून असते. उजेडात ते द्रव्य विरंजन पावते, अंधारात पुन्हा घडते. साठा भरला की दृष्टी परतते.

या उपपत्तीचे मोल मोठे आहे. हेग व चेस यांच्यासह हेख्ट यांनी १९३७ साली प्रसिद्ध केलेल्या आलेखांत दृष्टी दोन टप्प्यांनी परतताना दिसते. शंकु-कोशिका काही मिनिटांतच आपली मर्यादा गाठतात. त्यानंतर शलाका-कोशिका त्यांना मागे टाकून अर्धा तास किंवा अधिक काळ संवेदनक्षम होत जातात. अ जीवनसत्त्वाच्या अभावी येणाऱ्या रातांधळेपणाचा उलगडाही रंगद्रव्याच्या विचारावाचून होत नाही.

परंतु साठ्याचा हिशेब येथेच अडतो. निम्मे द्रव्य उरल्यास कोशिका निम्मा प्रकाश टिपील. म्हणजे दृश्यतेचा उंबरठा सुमारे दुपटीने चढावा. केंब्रिज येथील रश्टन यांनी १९६० नंतर मानवी डोळ्यावर केलेल्या मोजणीत निराळेच आढळले. उंबरठ्याचा लॉगरिदम विरंजित द्रव्याच्या प्रमाणात वाढतो. अल्प विरंजनानेही उंबरठा कितीतरी पटींनी चढतो. शिवाय ज्या मंद प्रकाशात द्रव्य जवळजवळ अबाधित राहते, त्यातही शलाकांची संवेदनक्षमता उतरते.

याचे कारण पुढे कोशिकेच्या अंतर्भागात सापडले. अंधारात उघड्या असलेल्या सूक्ष्म मार्गांनी कॅल्शियम आत येत असते. प्रकाश पडताच ते मार्ग मिटतात व कॅल्शियम घटते. ही घटच प्रतिक्रियेस आवर घालून मार्ग अंशतः पुन्हा उघडविते. म्हणूनच उजेड कायम राहिला तरी त्यातील नवे फरक कोशिकेस टिपता येतात. उलटपक्षी, विरंजित द्रव्याचा अवशेष अंधारातही मंद प्रकाशासारखी उत्तेजना चालू ठेवतो.

हेख्ट यांच्या विवेचनातील उणीव केवळ गणिताची नाही, संज्ञेचीही आहे. ‘अनुकूलन’ या एका शब्दाखाली द्रव्याची संथ भरपाई आणि कोशिकेचे त्वरित नियमन हे दोन भिन्न व्यापार झाकले जातात. मग एकाचे स्पष्टीकरण दुसऱ्यासही लागू पडल्याचा भास होतो. मराठी बोलण्यात डोळा अंधारास सरावतो तसा उजेडासही सरावतो. त्या क्रियापदात रित्या कोठाराची कल्पना नाही. शास्त्रीय लेखनात ‘पुनर्भरण’ व ‘नियमन’ या संज्ञा वेगळ्या राखल्यास विद्यार्थ्याचा हा घोटाळा टळेल. हेख्ट यांची मोजमापे आजही ग्राह्य आहेत. अपुरे ठरले ते त्यांवरील भाष्य.