बेट्स नावाची डुकरीण

1886 साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अथेन्स गावी, कापसाची जत्रा भरली होती. तिथल्या प्रदर्शनात एका कोपऱ्यात एक गोधडी टांगलेली होती. गावातल्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या जेनी स्मिथ तिच्यापुढे थबकल्या. त्यांनी शिवणारीचा पत्ता काढला, घर गाठलं आणि गोधडी विकत मागितली. हॅरिएट पॉवर्सनं नकार दिला. कितीही पैसे दिले तरी द्यायची नाही, असं तिचं म्हणणं होतं. पुढे काही वर्षांनी घरात चणचण आली. मग एक दिवस ती बैलगाडीतून निघाली. मांडीवर गोधडी, स्वच्छ पिठाच्या पिशवीत घातलेली आणि वरून गोणपाटात गुंडाळलेली. तिनं दहा डॉलर सांगितले. स्मिथबाईंपाशी पाचच होते. नवऱ्याच्या सांगण्यावरून तिनं ते घेतले. पण गोधडी हातावेगळी करण्याआधी तिनं एकेक चौकट समजावून सांगितली, आणि स्मिथबाईंनी ते सारं लिहून घेतलं. नंतरही ती आपली गोधडी बघायला त्यांच्याकडे येत राहिली.

ती पहिली गोधडी आज वॉशिंग्टनला, स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात आहे. तिच्या अकरा चौकटी बायबलच्या आहेत. शेवटच्या भोजनाच्या चौकटीत सगळे पांढऱ्या ठिपकेदार कापडात आहेत, एकटा यहूदा मळक्या रंगात, कारण त्याची नियतच तशी, असं हॅरिएटनं सांगितलं होतं. यहूदाच्या चांदीच्या तीस नाण्यांच्या चौकटीत तिनं एक ताराही घातला: 1886 मध्ये तीनशे वर्षांनी पुन्हा दिसला म्हणून ती सांगत होती तो. बायबलच्या गोष्टीत चालू वर्षाचं आकाश असं हळूच शिरतं. दुसऱ्या गोधडीत ते उघडपणे येऊन बसलं. मला त्या दुसऱ्या गोधडीबद्दलच लिहायचं आहे. तिच्या कलेचा कळस तिथे आहे असं मी मानतो.

ही दुसरी गोधडी 1895 ते 1898 च्या दरम्यानची. अटलांटा विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या बायकांनी ती करवून घेतली असं सांगतात. 1898 मध्ये ती चार्ल्स कथबर्ट हॉल या धर्मशास्त्राच्या विद्वानांना भेट मिळाली. (हेच हॉल 1902-03 मध्ये व्याख्यानं द्यायला हिंदुस्थानात येऊन गेले.) 1964 पासून ती बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे. रुंदी सुमारे पावणेनऊ फूट, उंची पावणेसहा. तीन ओळी, प्रत्येकीत पाच, अशा पंधरा चौकटी. सोबत प्रत्येक चौकटीचा अर्थ सांगणारं टिपण आहे, तेही हॅरिएटच्या सांगण्यावरून झालेलं.

हॅरिएट पॉवर्सचा जन्म 1837 चा, गुलामगिरीतला. 1865 मध्ये कायद्यानं गुलामगिरी संपली तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ छापली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्या काळात ही बाई जॉर्जियात नवऱ्याबरोबर शेतात राबत होती. पुढे त्यांनी थोडी जमीन केली. 1890 च्या दशकात तीही तुकड्यातुकड्यानं गेली. पुष्कळ वर्षं अभ्यासक तिला निरक्षर समजत होते. पण तिनं 1896 मध्ये लिहिलेलं एक पत्र उजेडात आलं आणि ती वाचत होती, लिहीत होती, तिनं आणखीही गोधड्या केल्या होत्या, हे कळलं. टिकल्या दोनच. तिचं एक छायाचित्रही आहे. त्यात तिच्या ॲप्रनवरसुद्धा कापडाचे सूर्य-चंद्र-तारे शिवलेले दिसतात. 1910 च्या 1 जानेवारीला ती वारली.

आता गोधडीकडे वळू. काम ॲप्लिकचं आहे: चिटाच्या नि साध्या सुती कापडातून माणसं, जनावरं, तारे कातरायचे आणि खालच्या कापडावर शिवायचे. शिलाई काही हाताची, काही मशीनची. चौकटी एका मापाच्या नाहीत. कुणी रुंद, कुणी अरुंद, मधल्या पट्ट्याही थोड्या इकडे-तिकडे. माणसांना नाक-डोळे नाहीत. प्रत्येक माणूस म्हणजे एक ठसठशीत आकार, आणि भावना सगळी हातांत. कुणाचे हात वर उचललेले, कुणाचे आडवे पसरलेले, कुणाचे जोडलेले. कापडावर चेहरा काढणं अवघड म्हणून ही वाट धरली, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. ज्या बाईनं यहूदाचा स्वभाव कापडाच्या रंगातून सांगितला, तिला चेहऱ्याची गरज वाटली नाही एवढंच. ते हात पाहताना कुणाची कोणती अवस्था आहे हे लांबूनही चुकत नाही.

पंधरापैकी दहा चौकटी बायबलच्या आहेत: ईयोब, पितळी सर्प उंच धरणारा मोशे, आदाम आणि हव्वा, योहानाच्या हातून बाप्तिस्मा घेणारा ख्रिस्त, माशाच्या तोंडी पडलेला योना, जोडीजोडीनं निर्माण झालेले प्राणी, शेवटी क्रूस. त्या सुंदर आहेत, पण त्यांच्यापाशी मी फार थांबत नाही. गोधडीचा जीव उरलेल्या पाच चौकटींत आहे. त्या कुठल्याही धर्मग्रंथात नाहीत. त्यांतल्या चार आभाळाच्या आणि हवेच्या आहेत, आणि चारही टिपणात सालासकट येतात. बायबलच्या गोष्टींना तारखा नसतात. हॅरिएटच्या स्वतःच्या जगाला आहेत. म्हणून या गोधडीला चित्रकथा म्हणण्यापेक्षा बखर म्हणावंसं वाटतं.

पहिली तारीख 19 मे 1780. त्या दिवशी अमेरिकेच्या ईशान्य भागात भरदुपारी अंधार पडला. जंगलातल्या वणव्यांच्या धुराचा तो परिणाम होता, असं आता मानलं जातं. टिपण सांगतं की बारा वाजता सात तारे दिसले, गुरं झोपायला निघाली, कोंबड्या खुराड्याकडे गेल्या. हॅरिएटच्या जन्माच्या सत्तावन्न वर्षं आधीची, शेकडो मैल लांबची ही घटना. प्रलयाची खूण म्हणून काही पंथांचे प्रचारक ती पुन्हा पुन्हा सांगत. तिच्या कानावर ती तशीच आली असावी. पण तिच्या सांगण्यात कोंबड्या आहेत. जिचा दिवस कोंबड्या सोडण्यानं सुरू होतो आणि त्या कोंडण्यानं संपतो, तिला त्या काळोखाचं भय त्यांच्याच वागण्यातून कळलं.

दुसरी तारीख 13 नोव्हेंबर 1833. त्या रात्री सिंह राशीतल्या उल्कांचा असा पाऊस पडला की जग बुडतंय असं समजून लोक घराबाहेर धावले. दक्षिणेतले कितीतरी गुलाम, ज्यांच्या जन्माची नोंद कुणी ठेवली नव्हती, आपलं वय या रात्रीवरून मोजत. आपल्याकडेही जुनी माणसं प्लेगच्या साली किंवा दुष्काळाच्या साली झालो म्हणून सांगत, तसंच ते. हॅरिएटनं ही रात्र पाहिली नव्हती. तरी ती तिनं गोधडीच्या बरोबर मध्यावर ठेवली: दुसऱ्या ओळीतली तिसरी, पंधरा चौकटींतली आठवी. माणसं घाबरली आहेत, रानातली जनावरं बिळांतून बाहेर पडली आहेत, आणि देवाचा हात तारे थोपवून धरतो आहे. पंधरा चौकटींच्या पटाची मधली जागा तिनं ना ख्रिस्ताला दिली, ना आदामाला. जिच्यावरून तिच्या माणसांनी आपली वयं मोजली, त्या रात्रीला दिली.

तिसरी तारीख मात्र तिच्या स्वतःच्या डोळ्यांदेखतची. तळच्या ओळीतली पहिली चौकट, ‘थंडीचा गुरुवार’, 10 फेब्रुवारी 1895. दिनदर्शिका काढून पाहिली तर त्या 10 तारखेला रविवार येतो; गुरुवार 7 ला होता. लोकांच्या तोंडी वार टिकतो, तारीख सरकते. त्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या दक्षिणेत खरोखरच भयंकर गारठा पडला होता. टिपणात काय काय आहे पाहा: प्रार्थना करता करता गोठलेली बाई, फाटकापाशी गोठलेली दुसरी बाई, पिठाचं पोतं घेऊन जाताना गोठलेला माणूस, खेचराच्या श्वासाचे झालेले बर्फाचे लोलक, मेलेले सगळे निळे पक्षी, आणि शेवटी दारूच्या बुधल्यापाशी गोठलेला माणूस. त्या हिवाळ्यानं पूर्व अमेरिकेतल्या ब्लूबर्ड पक्ष्यांची दाणादाण उडवली, हे पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींतही आहे. म्हणजे हॅरिएटची नोंद खरी होती. मला तिच्या यादीचा क्रमसुद्धा विचार करायला लावतो. प्रार्थना करणारी आणि दारू पिणारा एकाच थंडीत गेले. पापपुण्याचा निवाडा तिनं इथे केलेला नाही. पडत्या ताऱ्यांच्या चौकटीत देवाचा हात आला होता. चौथ्या तारखेच्या, 1846 च्या ‘लाल उजेडाच्या रात्री’ही टिपणात देवाच्या दयाळू हातानं कुणाला इजा होऊ दिली नाही. या गुरुवारच्या टिपणात तो हात नाही. गोधडी शिवताना ही थंडी ताजी होती. पन्नाशी उलटलेल्या बाईनं तिच्यात काय काय मेलं ते पाहिलं होतं, आणि जे पाहिलं तेवढंच तिनं शिवलं. श्रद्धाळू बाईचा हा प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो.

आणि मग पाचवी चौकट, तळच्या ओळीच्या बरोबर मध्ये. टिपणाप्रमाणे इथे देवाविषयी काही न शिकवलेले श्रीमंत लोक आहेत: व्हर्जिनियाचे बॉब जॉन्सन आणि केट बेल. त्यांनी आईबापांना सांगितलं, घड्याळ एकाच्या ठोक्याला थांबवा, उद्या ते एक वाजवेल; आणि तसंच झालं. ते दोघं कायमच्या शिक्षेला गेल्याची ती खूण होती. एवढं सांगून टिपण एकदम तिसऱ्याच जीवाकडे वळतं. जॉर्जियापासून व्हर्जिनियापर्यंत पाचशे मैल पळत गेलेली एक स्वतंत्र डुकरीण. तिचं नाव बेट्स.

चौकटीत नजर आधी तिच्याकडेच जाते, इतकी ती मोठी आहे. घड्याळ वर, श्रीमंत माणसं बाजूला, आणि बेट्स आपली चाललेली. ती कुणाची होती, का पळाली, पोचल्यावर काय झालं, यातलं टिपणात काही नाही. नाव मात्र आहे. गोधडीत ईयोब, मोशे, योना यांना नावं आहेत, त्या दोन श्रीमंतांना आहेत, आणि एका डुकरिणीला आहे. थंडीत गोठलेल्या माणसांना नाहीत, उल्का पाहून धावणाऱ्यांनाही नाहीत.

गुलामगिरीत जन्मलेल्या बाईनं दक्षिणेतून उत्तरेकडे धावत सुटलेला एक जीव एवढा मोठा करून शिवला, की पळून जाणाऱ्या गुलामांची आठवण येणारच. तसा अर्थ अनेकांनी लावला आहे. पण इथे जरा जपून पाऊल टाकायला हवं. व्हर्जिनिया मुक्त भूमी नव्हती. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपेपर्यंत तिथेही माणसं विकली जात होती. थेट रूपक म्हणून बेट्सची धाव अर्ध्यावरच थांबते. मला त्या चौकटीतला विरोध जास्त बोलका वाटतो. पैसेवाले घड्याळाशी बांधलेले आहेत. काटा कुठे थांबवायचा हे सांगूनही त्यांची सुटका होत नाही. डुकरिणीला घड्याळ नाही, मालक दिसत नाही, आणि ती निघाली आहे. आयुष्याची पहिली अठ्ठावीस वर्षं जिच्या उठण्याबसण्यावर दुसऱ्याची सत्ता होती, तिला हे दोन जीव एकाच कापडावर शेजारी ठेवावेसे वाटले. आणखी काही सिद्ध करण्याची गरज नाही.

मधली उभी रांग वरून खाली वाचली तर मोशेनं उंच धरलेला सर्प, मग पडणारे तारे, मग बेट्स. बरं करणारी खूण, सगळ्यांवर आलेलं भय, आणि एकटीची धाव. हे तिनं ठरवून केलं का, हे कुणाला सांगता येणार नाही. पण गोधडी शिवणारी बाई चौकटी जमिनीवर मांडून, हलवून, पुन्हा मांडून मगच जोडते. मधली जागा नकळत भरली जात नाही.

हॅरिएटच्या आकृत्यांत पश्चिम आफ्रिकेतल्या आबोमेच्या राजांकडच्या ॲप्लिक कापडांशी साम्य दिसतं असं काही अभ्यासक म्हणतात. आकारांत साम्य आहे खरं. पण तिनं तसं कापड कधी पाहिल्याचा पुरावा नाही, आणि माझ्या मते त्या वादात फार वेळ घालवला की समोरच्या चौकटी पाहायच्या राहून जातात.

2021 मध्ये बॉस्टनच्या संग्रहालयानं अमेरिकन गोधड्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, आणि हॅरिएटच्या दोन्ही गोधड्या तिथे एकत्र मांडल्या गेल्या. या गोधडीचं छायाचित्र वाचकाला सहज मिळू शकेल. पाहाल तेव्हा टिपण नंतर वाचा. आधी तळच्या ओळीतली मधली चौकट शोधा, आणि मग तिथून वर तारे असलेल्या चौकटीकडे जा.