खंडित संदेशजालातील उत्तरदायित्व

प्रेषक व ग्राहक यांना जोडणारा अखंड मार्ग ज्या जालात एकाच वेळी उपलब्ध नसतो, तेथे संदेश मध्यस्थ केंद्रात साठवून, पुढील केंद्राशी संपर्क येताच पुढे धाडावा लागतो. या व्यवहारास केव्हिन फॉल यांच्या २००३ मधील निबंधाने सुसंगत रचना दिली. त्या रचनेच्या परिभाषेचा येथे विचार करावयाचा आहे.

तत्पूर्वी, २००० साली, वाहदत आणि बेकर यांनी रोगाच्या साथीचे रूपक स्वीकारले होते. दोन केंद्रे भेटताच एकापाशी नसलेले संदेश दुसरे त्यास देते. साठवण व ऊर्जा पुरेशी असेतोवर ही पद्धती फलदायी ठरते. परंतु साथीला पत्ता नसतो, आणि कोणताही एक वाहक संदेशास उत्तरदायी राहत नाही. फॉल यांनी टपालाची उपमा घेतली व उत्तरदायित्व एका केंद्राकडून दुसऱ्याकडे सोपविण्याची तरतूद केली. पुढील केंद्राने ते स्वीकारल्यावर आधीच्या केंद्रास आपली प्रत पुसता येते. दूरच्या प्रेषकाकडे वारंवार मागणी करणे जेथे अशक्य, तेथे हा विचार मोलाचा आहे.

आक्षेप आहे तो ‘कस्टडी’ या संज्ञेवर. मराठीत वस्तू ताब्यात असणे निराळे व ती कोणाच्या हवाली करणे निराळे. पहिल्यात केवळ धारणा आहे. दुसऱ्यात विश्वास व जाब देण्याचे बंधन. इंग्रजी संज्ञेत हे दोन्ही अर्थ मिसळतात. टपालाचे सर्व हात एका संस्थेचे असतात. जालातील केंद्रे निरनिराळ्या मालकांची असू शकतात. स्वीकारानंतर केंद्र नष्ट झाले आणि प्रेषकाची प्रत पुसलेली असली, तर संदेश जातो आणि जाब कोणास विचारावा हे उरत नाही. म्हणजे यंत्रणा ताबा देते, आणि संज्ञा मात्र हवाल्याची ग्वाही देते.

२००७ च्या आर. एफ. सी. ५०५० या प्रायोगिक संहितेत ही तरतूद होती. २०२२ च्या आर. एफ. सी. ९१७१ या मूळ संहितेतून ती वगळली गेली. तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. ‘मिळाले’ ही पोच आणि ‘पोचवीन’ हे वचन यांतील अंतर ओळखूनच पुढील परिभाषा घडविली पाहिजे, असे आम्हांस वाटते.