आरोग्य अधिभार की आरोग्य विमा? : परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या व्हिसा-नियमांची एक चिकित्सा

प्रस्तावना

इ. स. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी पेनसिल्व्हानियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या, तेव्हा त्यांच्यापाशी व्हिसा नव्हता आणि आरोग्य विमाही नव्हता. या दोन्ही गोष्टी त्या काळी विद्यार्थ्याकडे कोणी मागत नसे. परमुलखात आजारी पडल्यास शुश्रूषा कोण करणार, या प्रश्नाचे उत्तर न्यू जर्सीतील रोझेल येथील कार्पेंटर कुटुंबाच्या आपुलकीत होते. १८८६ मध्ये पदवी घेऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. परदेशी शिकणाऱ्याच्या आजारपणाचा भार कोणी उचलावा, हा प्रश्न मराठी समाजापुढे अशा रीतीने एकशे चाळीस वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. आज त्याचे उत्तर कोणाच्या आपुलकीवर सोपवलेले नाही; ते व्हिसाच्या अर्जातच छापलेले असते. भारतातून सहा महिन्यांहून अधिक काळासाठी ब्रिटनला जाणाऱ्या विद्यार्थ्याला आता क्षयरोग नसल्याचे प्रमाणपत्र आधी द्यावे लागते आणि आरोग्यसेवेचे पैसेही आधीच भरावे लागतात.

परदेशी शिक्षणाविषयीची मराठीतील चर्चा बहुधा शिक्षणशुल्क, विद्यापीठांची क्रमवारी आणि नोकरीच्या संधी यांभोवती फिरते. आरोग्याची अट ही अर्जातील एक किरकोळ बाब समजली जाते. वस्तुतः यजमान देश या विद्यार्थ्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, पाहुणा म्हणून, ग्राहक म्हणून की तात्पुरता नागरिक म्हणून, हे याच अटीवरून सर्वांत स्पष्ट कळते. प्रस्तुत लेखात ब्रिटनमधील आरोग्य अधिभाराची प्रामुख्याने चिकित्सा केली असून ऑस्ट्रेलिया, जर्मनी व अमेरिका यांचा विचार तुलनेपुरता केला आहे.

अधिभाराचे स्वरूप

ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. उपचाराच्या क्षणी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत, खर्च सार्वजनिक करांतून भागवायचा, हे तिचे मूलतत्त्व होय. सहा महिन्यांहून अधिक काळाच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाला आलेला परदेशी विद्यार्थीही दीर्घकाळ या सेवेच्या छायेत येत असे. २०१४ च्या इमिग्रेशन कायद्याने हे चित्र बदलले. या कायद्याच्या ३८ व्या कलमाने सरकारला आरोग्य अधिभार आकारण्याचा अधिकार दिला, तर ३९ व्या कलमाने आरोग्यसेवेपुरती ‘सामान्यतः रहिवासी’ या संज्ञेची व्याप्ती संकुचित केली. कायमस्वरूपी वास्तव्याची परवानगी ज्याला लागते पण मिळालेली नाही, असा मनुष्य तेथे कितीही वर्षे राहिला तरी आरोग्यसेवेच्या दृष्टीने सामान्य रहिवासी ठरत नाही. अधिभाराची चर्चा करताना पहिल्या कलमाचाच उल्लेख होतो. दुसरे कलम मात्र अधिक मूलगामी आहे, कारण त्याने आधी हक्क काढून घेतला आणि मग पहिल्याने तोच हक्क वर्षाच्या दराने विकावयास काढला.

६ एप्रिल २०१५ रोजी अधिभार लागू झाला तेव्हा सर्वसाधारण दर वर्षाला २०० पौंड आणि विद्यार्थ्यांसाठी १५० पौंड होता. जानेवारी २०१९ मध्ये तो दुप्पट होऊन विद्यार्थ्यांसाठी ३०० पौंड झाला, ऑक्टोबर २०२० मध्ये ४७० आणि ६ फेब्रुवारी २०२४ पासून ७७६ पौंड. नऊ वर्षांत पाचपटीहून अधिक झालेली ही वाढ महागाईच्या हिशेबात बसणारी नाही. तिच्यामागील खरे कारण जुलै २०२३ मधील घोषणेत सापडते. डॉक्टर, शिक्षक, पोलीस इत्यादी सार्वजनिक सेवकांच्या वेतनवाढीसाठी लागणारा निधी काही अंशी व्हिसा शुल्क आणि आरोग्य अधिभार वाढवून उभारला जाईल, असे तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक यांनी जाहीर केले. त्यातून शंभर कोटी पौंडांहून अधिक रक्कम अपेक्षित होती. विमाहप्ता आजाराच्या शक्यतेवरून ठरतो. येथे तो शासकीय तिजोरीच्या गरजेवरून ठरला. तेव्हा या रकमेला विमा म्हणणे चूक आहे. ती एक कर आहे, आणि तोही अशा माणसांवर बसवलेला, ज्यांपैकी बहुतेकांना आकारणीच्या क्षणी त्या देशात मत नाही, पत्ता नाही आणि प्रवेशाची परवानगीही नाही.

या व्यवस्थेची दुसरी बाजू मांडणे न्यायाचे होईल. एकदा अधिभार भरला की विद्यार्थ्याला स्थानिक रहिवाशाप्रमाणेच डॉक्टर, रुग्णालय आणि प्रसूतीची सेवा मिळते. पूर्वव्याधी वगळल्या जात नाहीत, वयानुसार दर वाढत नाही, विमा कंपनीची पूर्वपरवानगी मागावी लागत नाही. इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेही विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये औषधाच्या प्रत्येक चिठ्ठीमागे जे शुल्क पडते त्यातूनही त्याला सूट मिळू शकते, आणि स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड येथे तर ते शुल्क कोणालाच नाही. दंतोपचार व चष्मा यांचा खर्च बहुतांशी वेगळा करावा लागतो, पण तो स्थानिकांनाही करावा लागतो. सेवेच्या आशयाविषयी म्हणूनच फारशी तक्रार करता येत नाही. आक्षेप आहे तो आकारणीच्या रीतीवर.

आकडेमोडीतील अन्याय

हा अधिभार दरमहा किंवा दरवर्षी भरावयाचा नसून व्हिसाच्या संपूर्ण मुदतीचा एकरकमी आणि अर्जासोबतच भरावयाचा आहे. मुदत अभ्यासक्रमाइतकीच असती तर हिशेब सोपा होता. परंतु बारा महिने वा अधिक कालावधीच्या अभ्यासक्रमाला व्हिसा देताना आधीचा साधारण एक महिना आणि नंतरचे चार महिने जोडले जातात. एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा व्हिसा त्यामुळे सुमारे सतरा महिन्यांचा होतो. वर्षाच्या वरचा काळ सहा महिन्यांपर्यंत असेल तर अर्ध्या वर्षाचा आणि त्याहून अधिक असेल तर पूर्ण वर्षाचा दर लागतो. परिणामी एक वर्ष शिकणाऱ्याला दीड वर्षाचे १,१६४ पौंड भरावे लागतात. तीन वर्षांच्या पदवीसाठी ही रक्कम २,७१६ आणि चार वर्षांच्या पीएच.डी.साठी ३,४९२ पौंड होते. यात एप्रिल २०२५ मध्ये ५२४ पौंड झालेले व्हिसाचे शुल्क धरलेले नाही.

शेवटचे चार महिने विद्यार्थ्याच्या सोयीसाठी दिले आहेत, हे खरे. पण प्रबंध सादर करून लगेच मायदेशी परतणाऱ्यालाही त्या महिन्यांचे पैसे परत मिळत नाहीत. व्हिसा नाकारला गेल्यास अधिभार परत मिळतो. व्हिसा मिळाल्यावर मात्र अभ्यासक्रम अर्धवट सोडला, घरच्या अडचणीमुळे परतावे लागले किंवा व्हिसाची मुदतच सरकारने कमी केली, तरी उरलेल्या काळाची रक्कम परत मिळत नाही. घरभाडेसुद्धा कोणी चार वर्षांचे आगाऊ घेत नाही. सवलतीचा दर म्हणून जी ७७६ पौंडांची रक्कम दाखवली जाते, तिच्यातील सवलतीचा एक भाग या मुदतवाढीतून आणि पूर्णांकाच्या नियमातून परत वसूल होतो, असे म्हणावे लागते.

शिक्षण संपल्यावर नोकरी शोधण्यासाठी ग्रॅज्युएट व्हिसा घेणाऱ्याची स्थिती अधिक चमत्कारिक आहे. त्याला विद्यार्थ्याची सवलत नसते. १,०३५ पौंडांच्या दराने दोन वर्षांचे २,०७० पौंड त्याला आगाऊ द्यावे लागतात. नोकरी लागताच प्राप्तिकर आणि राष्ट्रीय विमा अंशदानही वेतनातून कापले जाते. ज्या करांतून ती आरोग्यसेवा चालते ते कर तो भरतो आणि शिवाय त्याच सेवेचा अधिभारही भरतो. या दुहेरी आकारणीचे समर्थन करणे किती अवघड आहे, हे मे २०२० मध्ये दिसून आले. कोविडच्या काळात जे परदेशी डॉक्टर आणि परिचारिका रुग्णालये चालवीत होत्या त्यांच्याकडूनच अधिभार घेतला जात असल्यावरून टीका झाली आणि सरकारला आरोग्य कर्मचाऱ्यांना त्यातून वगळावे लागले. तत्त्व मान्य झाले, परंतु ते टाळ्या मिळवणाऱ्या व्यवसायापुरतेच राहिले.

विम्याच्या इतर वाटा

ऑस्ट्रेलियाने कराऐवजी खाजगी विम्याचा मार्ग पत्करला आहे. तेथील विद्यार्थी व्हिसावर ८५०१ क्रमांकाची अट असते : संपूर्ण मुक्कामात पुरेसा आरोग्य विमा असला पाहिजे. हा विमाही संपूर्ण व्हिसा-मुदतीचा आधीच घ्यावा लागतो. मात्र बहुतेक पूर्वव्याधींसाठी बारा महिन्यांचा प्रतीक्षा काळ असतो. मानसिक आजारांसाठी तो दोन महिन्यांचा आहे. म्हणजे जो आजार विद्यार्थ्याला आहे हे सर्वांना ठाऊक असते, नेमका तोच पहिल्या वर्षी विम्याबाहेर राहण्याची शक्यता असते. बेल्जियम, नॉर्वे आणि स्वीडन येथील विद्यार्थ्यांना परस्पर करारांमुळे या विम्यातून सूट आहे. आरोग्याची अट शेवटी विद्यार्थ्याच्या प्रकृतीवर नव्हे, तर त्याच्या पारपत्रावर अवलंबून राहते, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

अमेरिकेत परस्परविरोध निराळाच आहे. विनिमय कार्यक्रमाच्या जे-१ व्हिसावर येणाऱ्यासाठी संघीय नियम प्रत्येक आजार वा अपघातामागे किमान १,००,००० डॉलरचे संरक्षण मागतो. बहुसंख्य भारतीय विद्यार्थी ज्या एफ-१ व्हिसावर जातात, त्याला मात्र संघीय स्तरावर विम्याची अट नाही. ती विद्यापीठ घालते. एकाच वर्गात शेजारी बसणाऱ्या दोघांच्या विम्याचे नियम अशा रीतीने दोन वेगळ्या सत्ता ठरवतात.

पुण्यामुंबईतील जर्मन शिकणाऱ्या तरुणांच्या दृष्टीने जर्मनीचे उदाहरण अधिक जवळचे. २०२२-२३ च्या हिवाळी सत्रापासून तेथील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांची संख्या सर्वाधिक झाली आहे. व्हिसासाठी वर्षाच्या निर्वाहाची रक्कम, सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ युरो, गोठवलेल्या खात्यात ठेवावी लागते. परंतु ती विद्यार्थ्याचीच असते आणि दरमहा ९९२ युरोप्रमाणे त्यालाच मिळते. सार्वजनिक आरोग्य विम्याचा विद्यार्थी-हप्ता दरमहा दीडशे युरोच्या आसपास असून त्यात पूर्वव्याधी वगळल्या जात नाहीत. भरणा दरमहा असल्याने शिक्षण थांबवून देश सोडणाऱ्याचे पुढील वर्षांचे पैसे अडकून पडत नाहीत. ब्रिटनच्या व्यवस्थेशी तुलना करता ही रीत निःसंशय सरस आहे.

तथापि येथेही एक खाच आहे, आणि स्वस्त विमा सुचविणारे सल्लागार तिच्याविषयी क्वचितच बोलतात. विद्यार्थ्याला पहिल्या तीन महिन्यांत सार्वजनिक विम्यातून सूट मागून खाजगी विमा घेता येतो. पण ही सूट त्या शिक्षणाच्या संपूर्ण काळापुरती अपरिवर्तनीय असते. महिन्याला काही युरो वाचविण्यासाठी केलेली निवड दुसऱ्या वर्षी गंभीर आजार उद्भवल्यावर बदलता येत नाही. शिवाय सार्वजनिक विम्याचा विद्यार्थी-हप्ता वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंतच असतो. काही वर्षे नोकरी करून मग पदव्युत्तर शिक्षणाला जाणारा अभियंता किंवा उशिरा संशोधनाकडे वळलेली विवाहित विद्यार्थिनी यांना ही वयोमर्यादा थेट भिडते. दोन्ही नियम कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहेत. ते लपवलेले नाहीत. विद्यार्थ्याने अजून त्या देशात पाऊलही ठेवलेले नसताना ते त्याला वाचावे लागतात, इतकेच.

शिष्यवृत्तीधारकाचा प्रश्न

आर्थिकदृष्ट्या सक्षम कुटुंब हे भार कर्ज काढून वा बचत मोडून पेलते. कसोटी लागते ती शासकीय शिष्यवृत्तीवर जाणाऱ्याची. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्यासाठी आहे. तीत शिक्षणशुल्क, निर्वाह भत्ता, विमानप्रवास, व्हिसा शुल्क आणि वैद्यकीय विम्याचा हप्ता यांची तरतूद आहे. ब्रिटनचा आरोग्य अधिभार यांपैकी कोणत्या शीर्षात बसतो? तो व्हिसाच्या अर्जासोबत भरला जातो, पण व्हिसा शुल्क नव्हे. तो आरोग्यसेवेसाठी आहे, पण कोणत्याही विमा कंपनीची पावती त्याला नाही. वर म्हटल्याप्रमाणे तो कर आहे आणि परदेशी कराचे शीर्ष शिष्यवृत्तीच्या नियमावलीत असत नाही. शब्दांचा हा प्रश्न केवळ शब्दांचा राहत नाही, कारण साडेचार वर्षांच्या मुदतीचे ३,४९२ पौंड व्हिसाच्या अर्जाच्या दिवशीच लागतात.

निर्वाह भत्त्याचे गणितही पाहण्यासारखे आहे. २०२४-२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ब्रिटनसाठीचा वार्षिक निर्वाह भत्ता ९,९०० पौंड, म्हणजे दरमहा ८२५ पौंड होता. ब्रिटनच्या गृह खात्याने मात्र २ जानेवारी २०२५ पासून लंडनबाहेरील विद्यार्थ्याच्या निर्वाहासाठी दरमहा किमान १,१३६ आणि लंडनमध्ये १,४८३ पौंड आवश्यक मानले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हे आकडे पुन्हा वाढवले. आनुषंगिक खर्चाचे वार्षिक १,१०० पौंड मिळवले तरी अंतर मिटत नाही. एका सरकारने पुरेसा मानलेला भत्ता दुसऱ्या सरकारला अपुरा वाटतो आणि दोन्ही कागद एकाच विद्यार्थ्याला एकाच अर्जात जोडावे लागतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले होते आणि तो पुरा करण्यासाठी १९२० मध्ये स्वतःची बचत व इतरांचे साहाय्य यांवर पुन्हा जावे लागले. त्या वेळी परतण्याचे कारण शिष्यवृत्तीचा काळ हे होते. आजचा विद्यार्थी अडतो तो निघण्यापूर्वीच. यावर उपाय अवघड नाही : शिष्यवृत्तीच्या नियमावलीत ‘विमाहप्ता’ या शब्दापुढे ‘अथवा यजमान देशाने व्हिसासाठी अनिवार्य केलेला कोणताही आरोग्य अधिभार’ एवढी भर घालणे आणि ती रक्कम अर्जाच्या वेळीच, परतफेड म्हणून नव्हे तर अग्रिम म्हणून देणे. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनांनाही हीच दुरुस्ती लागू पडते, आणि ती करण्यासाठी लंडनच्या संमतीची गरज नाही.